प्रॅक्टिकल नर्सची पदविका : फी भरण्याआधी नोंदणी तपासा

यंत्रमाग, बांगड्या, भांडी, किराणा किंवा शिलाईकाम यावर ज्यांचा संसार चालतो अशा आपल्या कुटुंबांपुढे आज एक प्रश्न वारंवार उभा राहतो. मुलगी बारावी झाली, आता पुढे काय? डॉक्टरकीचा खर्च झेपणारा नाही. डी.एड.ला पूर्वीची मागणी उरली नाही. कॉमर्सची पदवी घेऊनही घरी बसलेल्या मुली प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. अशा वेळी नर्सिंगचे नाव निघते, आणि ते निघावे हे चांगलेच आहे. दोन-तीन वर्षांत हाती येणारे, मेहनतीचे आणि इज्जतीचे असे हे हुन्नर आहे.

परंतु मागणी वाढली की बाजारात बनावट मालही येतो, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. 'सहा महिन्यांत नर्स', 'प्रॅक्टिकल नर्सिंग डिप्लोमा, परदेशात नोकरीची संधी' अशा पाट्या तालुक्याच्या गावांतूनही दिसू लागल्या आहेत. घरचे दागिने मोडून फी भरली जाते, मुलगी दोन वर्षे प्रामाणिकपणे शिकते, आणि नोकरीसाठी अर्ज करताना पहिलाच प्रश्न येतो : "नोंदणी क्रमांक काय?" तो नसतो. मग तीच मुलगी एखाद्या लहान दवाखान्यात आयाच्या पगारावर इंजेक्शने देत राहते.

म्हणून या लेखात एक गोष्ट प्रामुख्याने सांगायची आहे. नर्सिंगच्या पदविकेची किंमत त्या कागदावर ठरत नाही, त्यामागच्या नोंदणीवर ठरते. जी पदविका नोंदणीपर्यंत नेत नाही ती कितीही स्वस्त असली तरी महागच.

'प्रॅक्टिकल नर्स' हे नाव कोठले?

हे नाव खोटे नाही, मात्र ते आपल्याकडचे नाही. कॅनडात हा कायद्याने ठरविलेला दर्जा आहे. ऑन्टारियो प्रांतात अशा परिचारिकेला 'रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स' म्हणतात, तर इतर प्रांतांत 'लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स'. ऑन्टारियोत कॉलेजची दोन वर्षांची, म्हणजे चार सत्रांची पदविका त्यासाठी लागते. अमेरिकेत हे शिक्षण साधारण एका वर्षाचे असून टेक्सास आणि कॅलिफोर्निया या राज्यांत त्याच दर्जाला 'व्होकेशनल नर्स' असे नाव आहे.

मात्र तेथेही पदविका हाती आली म्हणून कोणी रुग्णाला हात लावू शकत नाही. पदविकेनंतर परवान्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते. ती पास होऊन परवाना मिळाला तरच काम. थोडक्यात, पदविका ही जिन्याची एक पायरी आहे आणि नोंदणी हा दरवाजा. पायरी चढून दरवाजा उघडला नाही तर माणूस जिन्यातच उभा राहतो.

आपल्या देशात नर्सिंगच्या शिक्षणाचा दर्जा ठरविण्यासाठी १९४७ च्या कायद्याने इंडियन नर्सिंग कौन्सिल स्थापन झाली. महाराष्ट्रात परिचारिकांची नोंदणी १९६६ च्या कायद्याखाली महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, म्हणजेच महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. जुन्या केंद्रीय कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा मंजूर केला. कायदे बदलतील, संस्थांची नावे बदलतील, पण एक गोष्ट कायम आहे. नोंदणीच्या यादीत ज्या शिक्षणाला स्थान आहे तेच शिक्षण परिचारिका घडविते. त्या यादीत 'प्रॅक्टिकल नर्स' असा प्रकार आपल्याकडे नाही. तेव्हा हे नाव लावून कोणी स्थानिक वर्ग चालवीत असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारावा : या शिक्षणानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत कोणत्या नावाने नोंदणी होईल?

आपल्याकडच्या दोन सरळ वाटा

पदविकेच्या पातळीवर आपल्याकडे दोन मान्य अभ्यासक्रम आहेत.

पहिला ए.एन.एम., म्हणजे सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका. हा दोन वर्षांचा असून फक्त मुलींसाठी आहे. पूर्वी तो दहावीवर होत असे. आता बारावी उत्तीर्ण लागते आणि कला शाखेच्या मुलीही त्यास पात्र ठरतात. यात सामुदायिक आरोग्य, आहार व स्वच्छता, प्राथमिक उपचार, बालआरोग्य, प्रसूतिशास्त्र आणि आरोग्य केंद्राचे व्यवस्थापन शिकवितात. खेड्यातील उपकेंद्रावर लसीकरण करणारी, गरोदर बायांची तपासणी करणारी, बाळंतपण करणारी जी 'नर्सबाई' आपण पाहतो ती या शिक्षणाची असते. सपाट प्रदेशात साधारण ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असे सरकारी प्रमाण आहे.

दुसरा जी.एन.एम., म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी. हा तीन वर्षांचा असून मुले आणि मुली दोघांनाही खुला आहे. बारावी कोणत्याही शाखेची चालते, विज्ञान असल्यास उत्तम. एकूण गुण किमान ४० टक्के आणि इंग्रजी विषय उत्तीर्ण असणे आवश्यक. शरीरशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, औषधोपचार व शस्त्रक्रिया यांतील शुश्रूषा, मानसिक आरोग्य, बालरोग, प्रसूती व स्त्रीरोग असा याचा विस्तार आहे. रुग्णालयातील 'स्टाफ नर्स', ज्यांना सरकारी भाषेत अधिपरिचारिका म्हणतात, त्या पदाची ही पदविका. नोंदणी झाल्यावर ही व्यक्ती परिचारिका व प्रसाविका अशा दोन्ही नात्यांनी काम करू शकते.

दोन्हींसाठी किमान वय १७ आणि कमाल ३५ वर्षे आहे. महाराष्ट्रात या दोन्ही अभ्यासक्रमांच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. प्रवेशाची पद्धत, तारखा व प्रवेश परीक्षेचे नियम बदलत असतात. त्यामुळे मागच्या वर्षी शेजारच्या मुलीला कसा प्रवेश मिळाला यावर न जाता चालू वर्षाची सरकारी जाहिरात वाचावी.

कोणता अभ्यासक्रम निवडावा?

मुलीचे इंग्रजी बरे असेल आणि घर आणखी एक वर्ष थांबू शकत असेल, तर जी.एन.एम. घ्यावे असे आमचे स्पष्ट मत आहे. ए.एन.एम.ची नोकरी मुख्यतः सरकारी आरोग्य केंद्रांभोवती फिरते. त्या जागा मर्यादित असतात आणि त्यांतील बऱ्याच कंत्राटी असतात. जी.एन.एम.ला सरकारी, महापालिकेची, खासगी आणि परदेशातील अशी चारही दारे उघडी आहेत. पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीही घेता येते, आणि पदवीनंतर शिक्षकी किंवा वॉर्ड सांभाळण्याच्या वरच्या जागा येतात. ए.एन.एम. झालेल्या मुलीला नंतर जी.एन.एम. करता येते, पण तेव्हा पुन्हा पूर्ण तीन वर्षे द्यावी लागतात. तीन वर्षांत होणारे काम पाच वर्षांत करणे हा तोट्याचा सौदा आहे.

ज्या मुलीला गावातच राहून माता-बालकांची सेवा करायची आहे, तिच्यासाठी मात्र ए.एन.एम. कमी नाही. आपल्या वस्तीतील स्त्रिया बाळंतपणाचे दुखणे आपल्यातल्या मुलीला मोकळेपणाने सांगतात, ही तिची कमाई वेगळीच आहे.

याशिवाय 'जनरल ड्यूटी असिस्टंट' नावाचे काही महिन्यांचे कौशल्य प्रशिक्षण आहे. रुग्णाला आंघोळ घालणे, खाऊ घालणे, कूस बदलणे, चाकाच्या खुर्चीवरून नेणे ही कामे त्यात शिकवितात. हे प्रशिक्षण वाईट नाही. ज्या बाईला लगेच रोजगार हवा तिला त्याचा उपयोगच होतो. पण त्यातून रुग्णसहायक तयार होते, नर्स नव्हे. सहायकाचे प्रशिक्षण नर्सच्या नावाने आणि नर्सच्या फीने विकणे ही फसवणूक आहे.

उर्दू माध्यमाच्या मुलींसाठी दोन शब्द

मालेगाव-भिवंडीसारख्या गावांतील आपल्या बहुसंख्य मुली उर्दू माध्यमातून शिकतात. जी.एन.एम.चे शिक्षण मुख्यतः इंग्रजीतून असते. पहिल्या वर्षी नापास होणाऱ्या मुलींना बुद्धी कमी असते असे नाही, त्या शब्दांवर अडखळतात. म्हणून बारावीची परीक्षा ते प्रवेश या तीन-चार महिन्यांत घरी न बसता इंग्रजी वाचनाचा सराव करावा. अवयवांची, रोगांची, औषधांच्या प्रकारांची इंग्रजी नावे पाठ करावीत.

दुसरी भाषा मराठी. वॉर्डातील रुग्ण आपले दुखणे मराठीत सांगणार. "पोटात कळ येते", "डोके गरगरते", "छातीत धडधडते", "अंगावरून जाते" या शब्दांतला फरक कळला नाही तर शुश्रूषा होऊच शकत नाही. सरकारी नोकरीलाही मराठीवाचून चालत नाही.

मान्यता कशी तपासावी?

सोनार कसोटीवर घासल्याशिवाय सोने घेत नाही. येथेही पुढील गोष्टी घासून पाहाव्यात.

१) संस्थेला राज्य सरकारची परवानगी आहे का, ती कोणत्या अभ्यासक्रमासाठी आणि किती जागांसाठी आहे, हे लेखी पाहावे. ए.एन.एम.ची परवानगी दाखवून जी.एन.एम.चे प्रवेश देणे, किंवा मंजूर जागांपेक्षा जास्त मुली घेणे, असे प्रकार होतात. जादा भरलेल्या मुलीचा परीक्षेचा अर्जच स्वीकारला जात नाही.

२) संस्थेचे नाव परीक्षा घेणाऱ्या राज्य मंडळाच्या आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत चालू वर्षासाठी आहे का, हे पाहावे. यादी संस्थेच्या भिंतीवरची नको, मंडळाच्या व कौन्सिलच्या संकेतस्थळावरची. पाच वर्षांपूर्वीचे पत्र चौकटीत लावलेले असेल तर त्याला भुलू नये.

३) संस्थेला रुग्णालय आहे का? नर्सिंगचे निम्म्याहून अधिक शिक्षण खाटेशेजारी होते. ज्या शाळेच्या मुलींना वॉर्ड मिळत नाही ती शाळा म्हणजे माग नसलेल्या खोलीत विणकाम शिकविणारा उस्ताद. सकाळी आठच्या सुमारास त्या रुग्णालयात स्वतः जावे. खाटांवर रुग्ण आहेत का, गणवेशातील विद्यार्थिनी त्यांच्याजवळ काम करताना दिसतात का, हे डोळ्यांनी पाहावे.

४) शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन मुलींशी आणि बाहेर पडलेल्या एखाद्या मुलीशी बोलावे. परीक्षा वेळेवर झाल्या का, नोंदणी मिळाली का, किती महिन्यांत मिळाली, एवढेच विचारावे. माहितीपत्रकाच्या दहा पानांपेक्षा ही तीन उत्तरे मोलाची.

५) परराज्यातील कॉलेजचा एजंट आला तर दुप्पट सावध राहावे. तेथील शिक्षण घेऊन महाराष्ट्रात काम करायचे तर त्या राज्याकडची नोंदणी येथे बदलून घ्यावी लागते. संस्थेच्या मान्यतेतच खोट असेल तर हे काम अडते, आणि तोपर्यंत एजंटचा फोन बंद झालेला असतो.

६) प्रत्येक रकमेची संस्थेच्या नावाची छापील पावती घ्यावी. मूळ गुणपत्रिका जमा कराव्या लागल्या तर त्यांचीही पोच घ्यावी आणि साक्षांकित प्रती घरी ठेवाव्यात. उरलेल्या फीसाठी मूळ कागद अडवून ठेवल्याच्या तक्रारी नेहमी ऐकू येतात.

नावाचे स्पेलिंग : छोटी बाब, मोठे नुकसान

दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे, हा आपल्याकडचा जुना रोग आहे. 'शेख'चे चार प्रकार, 'मोहम्मद'चे सहा, आणि 'बी', 'बानो', 'खातून' कधी आहे तर कधी नाही. परिचारिकांच्या नोंदणीसाठी आता देशपातळीवर एक क्रमांक दिला जातो आणि तो आधारशी जोडलेला असतो. परदेशी नोकरीत तर प्रत्येक कागद मूळ संस्थेकडे पाठवून पडताळला जातो. एका अक्षराच्या फरकामुळे महिने वाया जातात. म्हणून प्रवेशापूर्वीच सर्व कागद दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे करून घ्यावेत. शिक्षण चालू असताना निकाह झाला तरी पदविका व पहिली नोंदणी जुन्याच नावाने होऊ द्यावी. बदल करायचा तो नंतर, राजपत्राच्या रीतसर मार्गाने.

खर्चाची वही

सरकारी व महापालिकेच्या नर्सिंग शाळांची फी खासगीच्या मानाने फारच कमी असते. म्हणून पहिला प्रयत्न तेथेच करावा. खासगी संस्थेत फक्त शिकवणीची फी विचारून परत येऊ नये. वसतिगृह, खानावळ, गणवेश, पुस्तके, परीक्षा फी, रुग्णालयाला जाण्या-येण्याची बस, आणि 'इतर' या नावाखाली काय काय, हे सर्व तिन्ही वर्षांसाठी एका कागदावर लिहून घ्यावे. दुसऱ्या वर्षी फी वाढणार का, हेही त्यात यावे. धंद्यात आपण भाडे, हमाली, घट सगळे धरून मालाची किंमत काढतो, तीच रीत येथे ठेवावी.

मदतीचे मार्ग असे आहेत. बागवान, अत्तार, तांबोळी, मनियार, पिंजारी अशा इतर मागासवर्गात मोडणाऱ्या बिरादरींनी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला व नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र बारावीच्या निकालापूर्वीच काढून ठेवावे. निकालानंतर तहसील कचेरीत गर्दी होते आणि मुदत निघून जाते. शिष्यवृत्तीचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरावे लागतात. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजनाही आहे. व्याजाच्या प्रश्नावर ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या उलेमांचा सल्ला घ्यावा. आणि येथेच बिरादरीच्या जमातींना, मशिदींच्या बैतुलमालला व सधन व्यापाऱ्यांना आमची एक विनंती आहे. जकातीला पात्र अशा घरातील मुलीची तीन वर्षांची फी उचलली, तर चौथ्या वर्षी ते घर इन्शाअल्लाह जकात घेणारे राहणार नाही. रमजानमध्ये वाटलेला शिधा महिनाभर पुरतो, हुन्नर आयुष्यभर पुरते.

हजेरी, रात्रपाळी आणि पडदा

पालकांनी काही गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. जी.एन.एम.ला वर्गात ८० टक्के हजेरी लागते आणि पदविका मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकाचे तास पूर्ण शंभर टक्के भरावे लागतात. मामाच्या मुलीच्या लग्नासाठी मुलीला पंधरा दिवस गावी बोलावले, तर ते पंधरा दिवस तिला पुढे भरून द्यावेच लागतात. रात्रपाळी असते. पुरुषांच्या वॉर्डातही काम करावे लागते. रुग्ण निवडण्याची मुभा नर्सला नसते. हे मान्य नसेल तर प्रवेशच घेऊ नये, अर्ध्यातून मुलीला काढून आणू नये.

डोके झाकण्याबाबत प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा. अनेक ठिकाणी गणवेशाच्या रंगाचा आटोपशीर स्कार्फ चालतो. मात्र हात वारंवार धुवावे लागतात, त्यामुळे काम करताना बाह्या कोपरापर्यंत वर घ्याव्या लागतात. त्यामागे रुग्णाला जंतुसंसर्ग होऊ नये हे कारण आहे. हे सर्व प्रवेशापूर्वी प्राचार्यांना नम्रपणे, स्पष्टपणे विचारावे. वसतिगृहाची सुरक्षा व रात्रपाळीच्या येण्या-जाण्याची सोय हे प्रश्नही तेव्हाच विचारायचे असतात.

"आपल्यात नर्सिंग बरे दिसत नाही" असे म्हणणारे अजूनही भेटतात. त्यांनी सीरतचे ग्रंथ उघडून पाहावेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात हजरत रुफैदा अस्लमिया (र.) जखमींची शुश्रूषा करीत. खंदकाच्या लढाईत हजरत सअद बिन मुआज (र.) जखमी झाले तेव्हा त्यांना मस्जिदे नबवीतील रुफैदा यांच्याच तंबूत ठेवण्यात आले. हजरत उम्मे अतिय्या (र.) आणि हजरत रुबय्यिअ बिन्ते मुअव्विज (र.) यांनी युद्धात जखमींची सेवा केल्याच्या नोंदी हदीसमध्ये आहेत. आपल्या महाराष्ट्रातही १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. ज्या कामाला असा वारसा आहे ते कमीपणाचे कसे? आणि आपल्या आई-बहिणीला रुग्णालयात स्त्री परिचारिकाच हवी असा आग्रह आपण धरतो, तर त्या परिचारिका कोणाच्या घरातून यायच्या, याचाही विचार करावा.

मुलांनीही इकडे पाहावे. जी.एन.एम.ला मुलगे पात्र आहेत. शस्त्रक्रिया विभाग, अतिदक्षता विभाग, मानसिक रुग्णालये येथे पुरुष परिचारकांना काम असते. मंदीत बंद पडलेल्या मागावर सहा महिने वाट पाहणाऱ्या बारावी पास तरुणाने हा मार्ग जरूर तपासावा.

पगाराची बोलणी

महाराष्ट्रात खासगी रुग्णालयाची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली होते आणि त्यासाठी पात्र परिचारिका ठेवावी लागते. प्रत्यक्षात काही लहान रुग्णालये नोंदणी असलेली एक-दोन नावे कागदावर ठेवतात आणि बाकी काम अप्रशिक्षित मुलींकडून थोड्या पैशांत करून घेतात. नोंदणी नसलेली मुलगी या व्यवहारात सर्वांत खालच्या पायरीवर असते. चूक झाली तर जबाबदारी तिच्यावर, आणि पगार मागायला हक्क नाही.

नोंदणी असलेल्या परिचारिकेच्या हाती मात्र एक आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी दिलेल्या निर्देशानंतर केंद्र सरकारने समिती नेमली. तिने अशी शिफारस केली : २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात त्या राज्याच्या सरकारी परिचारिकेइतका पगार असावा. १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयात तो सरकारीपेक्षा १० टक्क्यांहून कमी नसावा, ५० ते १०० खाटांमध्ये २५ टक्क्यांहून कमी नसावा, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना २०,००० रुपयांच्या खाली नसावा. ही शिफारस आहे आणि अनेक ठिकाणी ती पाळली जात नाही, हे खरे. पण भाव माहीत असलेला गिऱ्हाईक आणि भाव माहीत नसलेला गिऱ्हाईक यांत जो फरक असतो तो येथेही आहे. नोकरीच्या मुलाखतीला जाताना हे आकडे माहीत असावेत.

नोकरी लागल्यावरही नोंदणी विसरू नये. ठरलेल्या मुदतीनंतर तिचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी अधूनमधून प्रशिक्षण शिबिरांना हजर राहावे लागते. दुकानाचा परवाना जसा वेळेवर नवा करतो तसेच हे.

आखातात किंवा कॅनडात जायचे असेल तर

कोकणातील आपल्या घरांना आखात नवे नाही. तेथील देशांत नर्सला मागणी आहे, पण मान्य पदविका, स्वदेशातील नोंदणी, साधारण दोन वर्षांचा रुग्णालयातील अनुभव, कागदांची पडताळणी आणि त्या देशाची परवाना परीक्षा अशा पायऱ्या क्रमाने चढाव्या लागतात. २०१५ साली कुवेतच्या नोकरीसाठी केरळच्या परिचारिकांकडून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे उघड झाली. त्याच वर्षी केंद्र सरकारने आखातासह १८ देशांतील नर्स भरतीसाठी ई-मायग्रेट व्यवस्था सक्तीची करून भरती सरकारी संस्थांकडे सोपविली. तेव्हा व्हिजिट व्हिसावर नेऊन तेथे नोकरी लावतो असे सांगणाऱ्याला दारातूनच सलाम करावा.

कॅनडाच्या 'प्रॅक्टिकल नर्स' पदविकेचेही तसेच. परदेशी विद्यार्थ्याला तेथील फी स्थानिक विद्यार्थ्याच्या कितीतरी पट पडते आणि पदविकेनंतर परवान्याची परीक्षा असतेच. येथे जी.एन.एम. व नोंदणी करून, अनुभव घेऊन मग तेथील प्रांताच्या नियामक संस्थेकडे कागद तपासायला देणे हा मार्ग लांबचा दिसतो, परंतु तो सुरक्षित आहे. तेथे जाणे झाले नाही तरी येथली रोजी हातात राहते.

आजच करण्याजोगे काम

ज्यांच्या घरी यंदा बारावीची मुलगी किंवा मुलगा आहे त्यांनी दाखले काढायला टाकावेत, नावांचे स्पेलिंग जुळवावे, जवळच्या सरकारी नर्सिंग शाळेत एकदा जाऊन यावे, आणि कोणी बयाणा मागितला तर मान्यता तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. ज्यांची मुलगी आधीच एखाद्या संस्थेत शिकत आहे त्यांनीही संकोच न करता संस्थेचे नाव राज्य मंडळाच्या व कौन्सिलच्या यादीत पाहावे. पहिल्या वर्षी कळलेली खोट सुधारता येते, तिसऱ्या वर्षी कळलेली नाही.

आपले वाडवडील सांगत की ज्याच्या हातात हुन्नर आहे तो उपाशी राहत नाही. रुग्णाची सेवा हे हुन्नरही आहे आणि सवाबही. मुलीची मेहनत वाया जाऊ द्यायची नसेल, तर फीची थैली सोडण्यापूर्वी नोंदणीचा दरवाजा उघडा आहे की नाही, हे आधी पाहून घ्यावे.